किती किलोमीटर झालेत हिचे?

मागच्या दिवाळीच्या आसपासची रात्र. जेवणं उरकली होती आणि मी कॉम्प्युटरवर एका बॉम्बर विमानाच्या डाव्या पंखावर ओरखडे काढत बसलो होतो. गेली काही वर्षं रात्रीचा माझा हाच उद्योग आहे. फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानाचा सांगाडा दुसऱ्या कुणीतरी बनवलेला असतो, मी त्याचं फक्त कातडं रंगवतो. स्किन म्हणतात त्याला. शिंप्याने कापड बेतून टेबलावर पसरावं तसं अख्खं विमान एका चौकोनी चित्रात उलगडून पडलेलं असतं. इथे पंख, तिथे पोट, कोपऱ्यात शेपटीचे तुकडे. त्यावर रंग, रिव्हेट, नंबर, तेल, काजळी असं एकेक चढवत जायचं. अण्णा गोळ्यांची डबी शोधत खोलीत आले. डबी सापडली, तरी गेले नाहीत. कपाळावरचा चष्मा खाली ओढून स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"हे तांबूस काय आहे?"

"गंज. १९४३ चं विमान आहे अण्णा. रंग उडालाय तिथे."

"पत्रा कशाचा?"

"अ‍ॅल्युमिनियमचा."

यावर ते काहीच बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, माझे कान आपोआप तापले. दाराशी गेल्यावर मात्र वळून म्हणाले, "किती किलोमीटर झालेत हिचे?" आणि उत्तराची वाट न बघता झोपायला गेले.

विमानाचं वय तासांत मोजतात, किलोमीटरमध्ये नाही, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं होतं. बरं झालं, सांगितलं नाही. अण्णा पस्तीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये पेंटर होते. त्या काळच्या लाल डब्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असायची. पत्र्याला पत्रा जोडून रिव्हेट ठोकलेले, अगदी विमानासारखेच, फक्त उडण्याची जबाबदारी नाही. अपघात होऊन आलेली, नदीत बुडून आलेली, मोर्च्यात काचा फुटून आलेली, नुसतीच म्हातारी होऊन आलेली, अशा किती गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. घरी आले की त्यांच्या अंगाला थिनरचा वास यायचा आणि नखांच्या कडेला लाल रेघ असायची. ती रेघ रविवारीसुद्धा जायची नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांची नखं अशीच असतात. तर अशा माणसासमोर मी अ‍ॅल्युमिनियमला गंज चढवला होता. अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं, पांढरट भुकटी धरतं, खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात. तांबडं होत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तांबडा रंग स्क्रीनवर छान दिसतो.

या नादात सगळ्यांचं असंच होतं. मी सुरुवात केली तेव्हाच्या गेममध्ये स्किन म्हणजे १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं एक चित्र आणि त्यात सगळे मिळून २५६ रंग. एवढ्या गरिबीत फार घाण करता यायची नाही. दोनचार करड्या छटा काजळीला दिल्या की बाकी मळासाठी उरायच्या नाहीत, असली काटकसर. आता चारपट रुंद चित्रं, चमक वेगळी, खरखरीतपणा वेगळा, उठाव वेगळा. पत्रा कुठे घासून गुळगुळीत झालाय हेसुद्धा वेगळ्या फाइलमध्ये सांगता येतं. हातात इतकं आल्यावर माणूस थांबत नाही. माझ्या त्या फाइलमध्ये नुसत्या मळाचे चौदा लेयर होते. त्यातल्या एकाचं नाव 'जुनेपणा अंतिम ३'. एखाद्या नाटकवाल्याने विशीतल्या पोराला आजोबा करताना पावडरचा अख्खा डबा डोक्यावर उपडा करावा, तसं आम्ही विमानांचं करतो. आणि एकमेकांना दाद देतो, वा, काय जिवंत वाटतंय!

त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद केला नाही. किती किलोमीटर झालेत ते बघू तरी, म्हटलं.

विमान होतं बी-२४ लिबरेटर, नाव 'लेडी बी गुड'. विमानांच्या गोष्टींत रमणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. मलाही नव्हतं, पण मी ती गोष्ट वाळवंटातल्या भुताची गोष्ट म्हणून वाचली होती, तारखा लावून कधी वाचली नव्हती. अमेरिकी वायुदलाच्या ३७६ व्या बॉम्बर ग्रुपकडे हे कोरं विमान १९४३ च्या मार्चअखेरीस लिबियात आलं. ४ एप्रिलला दुपारी सोलुकच्या तळावरून नेपल्सच्या बंदरावर हल्ला करायला पंचवीस लिबरेटर निघाली, त्यात ही शेवटच्या काहींमध्ये. उड्डाणाच्या वेळी वाळूचं वादळ होतं. इंजिनात वाळू गेल्यामुळे काही विमानं अर्ध्यातून परत फिरली. ही पुढे गेली, अंधार पडल्यावर लक्ष्य न गाठताच वळली, बॉम्ब समुद्रात टाकून दिले. परतताना तळ खाली निघून गेला तरी कुणाला कळलं नाही. खाली अजून समुद्रच आहे अशा समजुतीने ती सहाराच्या वरून दक्षिणेकडे जात राहिली. तेल संपत आलं तेव्हा नऊच्या नऊ जणांनी पॅराशूटने उड्या टाकल्या आणि रिकामं विमान आणखी थोडं पुढे जाऊन स्वतःच वाळूवर पोट घासत उतरलं. जवळजवळ अखंड. किनाऱ्यापासून सुमारे ७०० किलोमीटर आत. विमान समुद्रात बुडालं असणार असं धरून सगळ्यांनी फाइल मिटली. १९५८ साली तेल शोधणाऱ्यांना ते वरून दिसलं, १९५९ मध्ये माणसं तिथे पोचली. थर्मासमधला चहा पिण्याजोगा होता. मशीनगन चालत होती, रेडिओही चालला.

म्हणजे नेपल्सला निघाली ती हिची पहिलीच मोहीम. आणि शेवटचीही.

एक फेरी.

मी कशाकडे बघून रंगवत होतो ते तेव्हा डोक्यात उजेड पडल्यासारखं दिसलं. माझ्यासमोर उघडे होते ते फोटो १९५९ नंतरचे. वाळूने घासून फिकट झालेला रंग, उघडा पडलेला पत्रा, मोडलेली शेपटी. मी हिला उडतं करणार होतो ४ एप्रिलच्या दुपारी, आणि अंगावर घालत होतो त्यानंतरची सोळा वर्षं. बारशाला आलेल्या मुलीला तेराव्याचे कपडे. बरं, त्या सोळा वर्षांत विमानाने सोसलं ते ऊन आणि वारा. माणसांनी काय सोसलं ते सहवैमानिकाच्या डायरीत आहे. अर्धी बाटली पाणी आठजणांत, दिवसाला टोपणभर, आणि आठ दिवस उत्तरेकडे चालणं. त्यांना वाटत होतं किनारा जवळ आहे. आठजणांचे देह १९६० साली सापडले, नववा अजून सापडलेला नाही. विमान मात्र त्यांच्यापासून दक्षिणेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर उभं होतं, आत पाणी आणि चालू रेडिओ घेऊन. ते विरुद्ध दिशेने चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी अण्णांना सांगितलं, "एकच फेरी झालीय."

"मग कारखान्यातून तिथवर कशी आली? ट्रकवर घालून?"

"नाही, उडतच. अमेरिकेहून, समुद्र ओलांडून."

"तो प्रवास धरायचा," अण्णा म्हणाले. आणि मग पिंपरीच्या कारखान्यातून बॉडी न चढवलेली नुसती चासी चालवत नेणारे ड्रायव्हर त्यांना आठवले. ना काच, ना दार, तोंडाला उपरणं आणि डोळ्यांवर गॉगल. ती चासी नवी कोरी, कागदोपत्री शून्य. पण वर्कशॉपला पोचेपर्यंत तिच्या बोनेटवर किडे चिकटलेले आणि सीटच्या कडेला ड्रायव्हरने अंगठा पुसल्याची चुन्याची रेघ. "नवी गाडी स्वच्छ नसते रे. नव्या गाडीचा मळ वेगळा असतो," ते म्हणाले. मळ वरवरचा असतो, मुरलेला नसतो. बोट फिरवलं तर खालचा रंग चकचकीत निघतो.

त्या दिवसापासून आमची शिकवणीच सुरू झाली म्हणा ना. अण्णा संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे. त्यांचा पहिला आक्षेप मोठा होता आणि मी तो कधीच विचारात घेतला नव्हता. दोन्ही बाजूंना सारखाच ओरखडा कसा? मी एक पंख रंगवून त्याची आरशातली नक्कल दुसऱ्यावर टाकली होती. सगळेच टाकतात, निम्मं काम वाचतं. अण्णा म्हणाले, एसटीचं डावं अंग वेगळं आणि उजवं वेगळं. डावीकडे दार, तिथे चढणाऱ्यांच्या पेट्या आणि ट्रंका घासतात, बाभळीच्या फांद्या खरवडतात. उजवीकडे समोरून येणाऱ्या ट्रकचे हूक. खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्या आणि घाटातल्या उलट्यांचे ओघळ, तेही पुढच्या अर्ध्या भागात कमी आणि मागे जास्त, कारण मागे गाडी जास्त उडते. टपावर शिडीपासून कॅरिअरपर्यंत चपलांची वाट. "डाग आधी काढू नकोस. आधी माणूस कुठे उभा राहतो ते बघ."

मग मी बघितलं. लिबरेटरवर तेल भरायला माणूस पंखावर चढायचा, त्याची वाट इंजिनांच्या आतल्या बाजूने. मेकॅनिकचे गुडघे इंजिनाच्या झाकणांवर. बंदुकांच्या तोंडाशी पावडरचा धूर. सुकाणूंना पत्रा नसून कापड ताणलेलं, त्यामुळे तिथला रंग शेजारच्या रंगापेक्षा वेगळा उडणार. उन्हातल्या लाल गाडीचा दरवाजा बदलला की नवं लाल आणि जुनं लाल कधी जुळत नाही, तसं. आणि काजळी! माझी सगळ्यात मोठी चूक काजळीत होती. मी आधी ब्रिटिश लँकॅस्टर रंगवली होती. तिच्या मर्लिन इंजिनांचा धूर दोन्ही कडांच्या आखूड नळ्यांतून निघून पंखावरून मागे जातो, म्हणून तिच्या पंखांवर पट्टे दिसतात. तीच सवय मी इथे लावली आणि लिबरेटरच्या पंखावर चार काळे पट्टे ओढले. पण हिचा धूर आधी टर्बोतून, म्हणजे धुराच्याच जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यातून जातो, आणि टर्बो बसवलाय इंजिनाच्या पोटाखाली. डाग पाहिजेत ते खालच्या अंगाला. रंगही काळा असेलच असं नाही. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. लांबच्या पल्ल्यावर पेट्रोल वाचवत, मिश्रण पातळ ठेवून उडवलं की मागे राहायचा तो फिकट करडा थर, विडीच्या राखेसारखा. अण्णांना हे ऐकून फार बरं वाटलं. सायलेन्सरच्या तोंडाच्या रंगावरून पंप कसा लावलाय ते ओळखणारा एक मिस्त्री त्यांच्याकडे होता म्हणे.

लँकॅस्टरचं नाव निघालं म्हणून जुनी फाइल उघडली. तीही अशीच, माझ्या हातची म्हातारी. पंखांच्या कडा खरवडलेल्या, दाराजवळ रंग सोललेला. आता मी तिच्याकडे अण्णांचा प्रश्न घेऊन बघायला लागलो. एकंदर ७,३७७ लँकॅस्टर बनल्या. त्यातल्या सव्वातीन हजारांच्या आसपास मोहिमांवरून परतल्या नाहीत. शंभर मोहिमांचा टप्पा गाठणाऱ्या पस्तीसच्या घरात. लंडनच्या संग्रहालयात उभी असलेली 'एस फॉर शुगर' त्यातली. तिच्या कॉकपिटखाली छोट्या छोट्या बॉम्बच्या रांगा रंगवल्यात, मोहिमांचा आकडा १३७, आणि खाली जर्मन वायुदलाचा प्रमुख गोअरिंग याचं ते वाक्य, जर्मनीवरून शत्रूचं एकही विमान उडणार नाही असं. विमान रंगवणारे आम्ही लोक बघतो ते तिच्याकडे. तिचे फोटो जास्त, कारण ती उरली. आणि मग पहिल्याच महिन्यात गेलेल्या विमानालाही आम्ही तिचा चेहरा देतो. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर विभागाच्या, सुमारे १,२५,००० वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. त्यांच्या कितीतरी विमानांचा रंग नवाच होता. दाराशी रंग सोलायला शेकडो वेळा चढावं-उतरावं लागतं.

एक गोष्ट मला इथे टोचते, ती सांगून टाकतो. मी धुराच्या राखाडी छटेवर चार रात्री घालवतो. त्या धुराच्या दुसऱ्या टोकाला शहरं होती. नेपल्सच्या बंदराभोवती लोक राहत होते, हँबर्गमध्ये १९४३ च्या जुलैत आगीचं वादळ उठलं. माझ्या चौदा लेयरमध्ये त्याचा एकही नाही. काही विमानांवर इटलीच्या मोहिमेसाठी बॉम्बऐवजी आइस्क्रीमचा कोन काढत. विशीतल्या पोरांची गंमत ती. मीही एका फाइलमध्ये तो कोन काढलाय, फार सुबक जमलाय. काढताना मजा आली आणि झाल्यावर स्वतःचा जरा रागही आला. यावर उपाय काय ते मला कळलेलं नाही. रंगवणं मी सोडलेलं नाही.

तर 'लेडी बी गुड'. चौदापैकी अकरा लेयर बंद केले. वाळूचा गुलाबीकडे झुकणारा रंग ताजा ठेवला. पंख्यांच्या पात्यांवर आणि पंखांच्या पुढच्या कडेवर वादळातल्या वाळूची नुसती फुंकर. चाकांना धूळ. समुद्र ओलांडल्याची थोडी राख इंजिनांच्या खाली. नाकाजवळचा ६४ आकडा कोरा करकरीत. स्क्रीनवर फिरवून बघितलं तर अगदीच प्लॅस्टिकचं खेळणं. दोन दिवस माझंच मन मानेना. आता तेच बघायची सवय झालीय आणि बाकीची विमानं मळकट वाटतात.

खरी गंमत पुढे झाली. मी विमान मागून दाखवत होतो, शेपटीचे दोन मोठे अंडाकृती कान स्क्रीनभर. अण्णा एकदम पुढे सरकले. "हे तर आपल्या लोहगावचं!"

मला वाटलं गोंधळ होतोय. वय झालं. पण ते ठाम होते, सांगायलाच लागले: विश्रांतवाडीला राहत होतो, मी शाळेत होतो, हे यायचं. चार पंखे, घुमणारा आवाज, दोन कान. अंगाने चांदीसारखं. आणि मग मला ट्यूब पेटली. युद्ध संपल्यावर कानपूरला कितीतरी लिबरेटर टाकून दिलेली होती. पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसेक विमानं उभी केली, कशीबशी बंगलोरपर्यंत उडवत नेली, दुरुस्त केली. १९४८ च्या नोव्हेंबरात आपल्या वायुदलाची पाचवी स्क्वाड्रन त्यांवर उभी राहिली, आणि १९५१ मध्ये सहावी, पुण्यात, समुद्रावर गस्त घालायला. १९६८ पर्यंत ती उडत होती. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली, युद्धानंतर बहुतेक सगळी वितळवून टाकली. संग्रहालयांना जेव्हा त्यांची आठवण झाली तेव्हा आपल्याकडची मागावी लागली. १९७४ मध्ये एक आपण ब्रिटिशांच्या संग्रहालयाला भेट दिलं. भंगारात काढलेल्यांचं आयुष्य सगळ्यात लांब निघालं. पावसाळेच्या पावसाळे काढलेली, पुन्हा पुन्हा धुतलेली, ठिगळं लावलेली विमानं.

म्हणजे ज्यावर माझा 'जुनेपणा अंतिम ३' मनसोक्त वापरता येईल असं लिबरेटर घरापासून आठ मैलांवर उडत होतं, आणि ते बघितलेला माणूस गोळ्यांची डबी शोधत घरात फिरत होता.

सध्या ते रंगवतोय. उघडा पत्रा, चक्र, शेपटीवर तिरंगी पट्टा. फोटो मिळाले ते बाजूने किंवा वरून, पोटाकडून घेतलेला एकही नाही. अण्णा मात्र विश्रांतवाडीच्या माळावर खाली उभे होते आणि विमान त्यांच्या डोक्यावरून उतरायला जायचं, त्यामुळे त्यांनी बघितलंय ते फक्त पोट. मी पंखांच्या खालच्या अंगाला चार करडे पट्टे ओढले आणि त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा खाली घेतला. बराच वेळ बघितलं. मग बोट स्क्रीनला टेकवून म्हणाले, "हा डावीकडचा, कडेचा. हा जास्त काळा होता."

"कसं आठवतं तुम्हाला?"

"होता," ते म्हणाले.

मी ब्रश मोठा केला आणि डावीकडचा आणखी काळा करायला घेतला. त्यांचं बोट उठलं तिथे स्क्रीनवर एक ठसा राहिला होता, तो तसाच आहे.